पाठ नसलेलं मैदान

शैला आठल्ये हिला गोल्फ मनापासून आवडत नसे, आणि ते ती लपवतही नसे. "आधी चेंडू जीव खाऊन लांब मारायचा आणि मग दिवसभर तो शोधत फिरायचं, यात खेळ कसला?" असं ती अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींसमोर उघड विचारायची. अशा बाईनं नवऱ्याच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला त्याला एका दूरच्या बेटावरच्या गोल्फच्या मैदानावर न्यायचं ठरवलं, तेव्हा मंडळींना वाटलं, चला, उशिरा का होईना, बाईंना नवऱ्याचं कौतुक सुचलं. कौतुकबिवतुक काही नव्हतं. दिगंबरनं तिथं सपशेल हरावं म्हणून ती त्याला घेऊन चालली होती.

हे १९८६ सालचं. आठल्ये नवरा-बायकोला अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली होती. दिगंबर मूळचा पुण्याचा, त्यामुळे आपलं चुकतं हे त्याला तत्त्व म्हणून मान्य असे, प्रत्यक्षात कधी नसे. रिसर्च ट्रँगल पार्कातल्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरचं काम करायचा. शैला हर्णैची, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली. कॅरीतल्या एका कापडाच्या दुकानात ती ताग्यावरचं कापड मोजून कापून देई. इथं त्याला यार्ड म्हणत, पण यार्ड म्हणजे आपला वारच. दहा वर्षांत तिची नजर अशी बसली होती की गिऱ्हाइकाच्या हातातला तुकडा लांबून बघून ती सांगायची, "पावणेदोन आहे, झगा होणार नाही." पट्टी लावल्यावर तो पावणेदोनच भरायचा.

या नजरेला वर्षभरापूर्वी खटकायला लागलं होतं. दिगंबर स्वयंपाकघरातल्या डिशवॉशरच्या उघड्या दाराला नडगी आपटून घ्यायला लागला. एकदा नाही, आठवड्यातून दोनदा. कुणी बाजूनं हात पुढं केला तर हस्तांदोलनाला याचा हात यायचाच नाही, आणि लोकांना वाटायचं, आठल्ये फार शिष्ट झाले. गॅरेजमध्ये गाडी लावताना दोन्ही अंगांना ओरखडे उठले. विचारलं की म्हणायचा, "गॅरेज अरुंद बांधलंय साल्यांनी." सहा वर्षं ते पुरेसं रुंद होतं.

शैलाच्या मामांचे डोळे असेच गेले होते. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहिलं, बाजूनं मात्र अंधार आत आत सरकत आला, आणि काचबिंदू हे नाव घरात कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे तिला जे वाटलं ते पहिल्याच महिन्यात वाटलं. पण ती बोलली नाही. नवऱ्याला तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' असं कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं तिची आईच म्हणायची, आणि तरी शैलानं ती भीड दहा-अकरा महिने सांभाळली. मग उन्हाळ्यात एकदा दिगंबरनं तांबडा दिवा ओलांडून गाडी सरळ पुढं घातली, आणि तिची भीड त्या चौकात सुटली.

तिनं डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. त्यानं ती कॅन्सल केली. दुसरी घेतली, तीही कॅन्सल केली. तिसऱ्या वेळी म्हणाला, "शैला, मी दर शनिवारी गोल्फ खेळतो. दोनशे यार्डांवरचा एवढासा बॉल शोधून काढतो. डोळे गेलेला माणूस हे करू शकतो का, तूच सांग."

याचं उत्तर शोधायला शैला श्रीरंगकडे गेली. श्रीरंग दिगंबरचा अकरा वर्षांचा गोल्फचा जोडीदार. त्यानं आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, चहा केला, आणि मग चहाच्या कपात बघत म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? बॉल कुठं पडला ते मी सांगतो. 'दिगू, ओकच्या डाव्या बाजूला' एवढं म्हटलं की तो नीट तिथं जातो. त्या मैदानावरचं झाडन् झाड पाठ आहे त्याला. तिथं त्याला बघावं लागतच नाही."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मित्र आहे हो. कसं बोलणार?"

शैला त्याच्यावर चिडणार होती, पण चिडायचा अधिकार आपल्याला कितपत आहे हे तिला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात तिनं लायब्ररीतून मैदानांचं पुस्तक आणलं आणि दिगंबरनं कधी न पाहिलेलं, एकही झाड नसलेलं मैदान हुडकलं. कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून लांब एका चिंचोळ्या बेटावर, वाळूच्या टेकाडांमधून आखलेलं. असल्या समुद्रकाठच्या मैदानाला लिंक्स म्हणतात, असं पुस्तकात होतं. गवत, वाळू, वारा आणि आभाळ. खूण धरावी असं काहीही नाही.

जेवताना तिनं ताट वाढलं आणि अट घातली. "तिथं अठरा होल खेळायचे. चेंडू कुठं पडला हे कुणीही सांगायचं नाही. पुरे केलेत, तर मी तुमच्या डोळ्यांचं नाव काढणार नाही. नाही झाले, तर सोमवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टर."

दिगंबरनं भातावरची आमटी कालवली. "म्हणजे श्रीरंग मला बॉल दाखवतो, असं तुझं म्हणणं. मी जिंकलो तर तू श्रीरंगची आणि माझी माफी मागायचीस."

"मागेन."

"डन," तो म्हणाला. माणूस हट्टाला पेटला की त्याच्या चेहऱ्यावर जी तरतरी येते, ती त्याच्या चेहऱ्यावर आली. तो किती छान दिसतो हे नेमकं तेव्हाच जाणवावं, याचा शैलाला राग आला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दोघं पहाटे निघाली. गाडी तिनंच चालवली. चार तास रस्ता, पुढं पाऊण तास फेरीबोट. दिगंबर वाटभर तिच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होता. "पंचावन्नचा रस्ता आहे, पंचेचाळीसनं चाललीयस. मागचे लोक शिव्या देतायत." शैला म्हणाली, "इंग्लिशमध्ये देतायत ना, मग देऊ देत."

मैदानाचं ऑफिस म्हणजे एक लाकडी खोपटं होतं, आणि त्यात टिलेट नावाचा सत्तरीचा म्हातारा. गवत कापणं, पैसे घेणं, एकट्यानं आलेल्याला सोबत म्हणून खेळणं, सगळं तोच करी. दिगंबर बूट बदलायला गेला तेव्हा शैलानं म्हाताऱ्याला अट सांगितली. टिलेटनं टोपी मागं सरकवली. "बाईसाहेब, मला इथं स्वतःचा चेंडू सापडत नाही, दुसऱ्याचा कुठून सांगू? पण ठीक आहे. गप्प राहीन."

पहिल्या होलला दिगंबरनं सगळ्यांना चकित केलं. त्यानं टिलेटला सहज विचारलं, "इथं तुम्ही कुठल्या बाजूनं मारता?" टिलेटनं हात दाखवला, तसा यानं त्या दिशेला सरळसोट टोला मारला. मग मान किंचित कलती करून उभा राहिला. शैलाला आधी कळेना हा काय करतोय. तो ऐकत होता. चेंडू पडल्याचा आवाज वाऱ्यातून वेचून घेत होता. पावलं मोजत गेला आणि चेंडूवर जाऊन थांबला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं," शैला म्हणाली. मनात म्हणाली, हा माणूस एवढं डोकं डोळे दाखवायला का वापरत नाही.

पण वारा काही पुण्याच्या माणसाला भीक घालणारा नव्हता. चौथ्या होलपासून तो समुद्रावरून तिरका यायला लागला आणि चेंडू पडल्याचा आवाज नाहीसा झाला. सहाव्याला दिगंबरचा चेंडू डावीकडच्या गवतात गेला. शैलानं तो पडताना बघितला. दिगंबर तिथवर अचूक गेला, थांबला आणि पायानं गवत बाजूला करत हिंडायला लागला. शोधायला पाच मिनिटं मिळतात, असा नियम. चेंडू त्याच्यापासून अडीच वारांवर होता, पांढराशुभ्र, ताटातल्या मिठासारखा ढळढळीत. दिगंबर त्याच्या उजवीकडून गेला, मग डावीकडून गेला, एकदा तर त्याचा बूट चेंडूला लागता लागता राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शैलानं आयुष्यभर हसत वापरली होती. त्या पाच मिनिटांत तिला तिचा अर्थ नकोसा झाला. अट तिचीच होती. तिनं स्कार्फचं टोक दातात धरलं.

"गेला," दिगंबर म्हणाला. "या वाऱ्याचं काही खरं नाही." त्यानं खिशातून नवा चेंडू काढला.

असे बाराव्या होलपर्यंत सात चेंडू गेले. दुसरा कुणी असता तर बॅग उचलून घरी गेला असता. दिगंबर एकदाही थांबला नाही. चेंडू हरवला की दंड सांगे, नवा ठेवी, टिलेटला दिशा विचारी, मारी आणि चालू लागे. खड्ड्यात पाय मुरगळला तरी काही झालं नाही असं दाखवत चालला. नवव्या होलनंतर त्यांनी वाळूत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. टिलेटनं तिसरी पुरी घेतली आणि शैलाला म्हणाला, "तुमचे मिस्टर फार वाईट खेळतात. पण मी इतकं चिवट माणूस फार दिवसांनी पाहिलं."

शैलाला अभिमान वाटला. हरवायला आणलेल्या माणसाचा अभिमान वाटावा, याला काय म्हणायचं? बारावा होल संपला तेव्हा तर तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात तो जिंकावा म्हणतोय. मग मामा आठवले, भिंतीला हात लावत न्हाणीघराकडे जाणारे, आणि तिनं मन घट्ट केलं.

चौदाव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. गोल्फवाले त्याला बंकर म्हणतात. हा पुरुषभर खोल होता, आणि दुपारच्या उन्हात त्यातली वाळू डोळे दिपवत होती. दिगंबर हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेऊन आत उतरला. टिलेट आणि शैला काठावर उभे राहिले.

पांढऱ्या वाळूवर पांढरा चेंडू. तो दिगंबरच्या डाव्या बुटाच्या मागं जेमतेम एक वीत होता. दिगंबर समोर बघत होता. मग उजवीकडे वळून बघितलं. मग उगाच क्लब पुसला. मिनिट गेलं असेल. मग तो सावकाश खाली वाकला, डावा हात वाळूवर टेकला आणि बोटं पसरून वाळू चाचपायला लागला. अंधारात माणूस उशाशी चष्मा शोधतो तसा.

"मिस्टर आठल्ये," टिलेट वरून म्हणाला, "खड्ड्यातल्या वाळूला हात लावता येत नाही."

दिगंबरचा हात थबकला. क्षणभरच. मग त्यानं तोच हात उचलून कपाळाला लावला, छातीला लावला आणि वर बघत, शुद्ध इंग्लिशमध्ये, गंभीरपणे म्हणाला, "माफ करा. आमच्याकडे खेळाडू आधी मैदानाच्या मातीला नमस्कार करतो. कुस्ती असो, कबड्डी असो. जुनी सवय आहे."

टिलेटनं टोपी काढली. "याचा मला आदर वाटतो, सर," तो म्हणाला. "पण दंड दोन फटक्यांचा पडेलच."

"अर्थात," दिगंबर म्हणाला. त्याच्या कपाळाला वाळूचे कण चिकटले होते.

टिलेटला ते खरं वाटलं. कुणालाही वाटलं असतं. पण शैला मराठी होती, आणि तिनं या माणसाबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार केला होता. दिगंबर आठल्येनं उभ्या जन्मात तालमीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कबड्डीच्या तासाला तो डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन वर्गात बुद्धिबळ खेळत बसायचा, हे त्यानंच तिला हौसेनं सांगितलेलं होतं. पहिलवानानं मातीला करायचा नमस्कार यानं चाचपणाऱ्या हातावर पांघरूण म्हणून घातला. तिला हसू आलं नाही. तिला भयंकर रडू आलं. ही लाज झाकायला माणूस किती लांब जाईल, आणि असाच झाकत झाकत पार अंधारात जाऊन बसेल, हे तिला त्या खड्ड्यात लख्ख दिसलं.

टिलेटसमोर बोलावं तर नवऱ्याचं चारचौघांत हसं. न बोलावं तर हा पठ्ठ्या उरलेले चारही होल असेच ओढत पार करणार आणि अट जिंकणार. शैला काठावरून घसरतच खड्ड्यात उतरली. बुटांत वाळू गेली. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "डाव्या बुटाच्या मागं. एक वीत."

दिगंबर हलला नाही. "मी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे."

"अट तू मोडलीस. म्हणजे मी जिंकलो."

"जिंकलात. तरी सोमवारी नऊ वाजता जायचंय. वेळ मी आधीच घेऊन ठेवलीय."

त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे मी अठरा होल पुरे केले असते तरी?"

"तरी. जिंकला असतात तर उचलून नेलं असतं."

"ही चीटिंग आहे, शैला."

"आहे. आणि तुम्ही आत्ता त्या म्हाताऱ्याला काय सांगितलंत?"

वारा वरच्यावरून जात होता, खड्ड्यात मात्र शांत होतं. दिगंबरनं कपाळावरची वाळू मनगटानं पुसली. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी वाटलं चष्म्याचा नंबर असेल. मग कळलं नंबर नाही. डॉक्टर बोलला की ते खरं होणार. गाडी जाणार. नोकरीचं काय होईल देव जाणे. शनिवार जाणार."

"शनिवार मी जाऊ देणार नाही," शैला म्हणाली. "बाकीचं बघू. आता वळा, पाऊल मागं घ्या, आणि मारा. तो म्हातारा वाट बघतोय."

दिगंबर वळला. दुसऱ्या फटक्याला चेंडू बाहेर आला.

उरलेले होल शैला त्याच्या खांद्याशी उभी राहून बोलत होती. "एकशे चाळीस वार. वारा समोरून, जरा उजवीकडून. हर्णैला संध्याकाळी असाच वळतो, आता वाढेल, जोरात मारा." तो मारायचा, ती बघायची. "पडला. टेकाडाच्या अलीकडे, नऊ वार." दोघं चालत जायची, आणि चेंडू तिथं असायचा. एकही हरवला नाही. शेवटचा होल झाल्यावर टिलेटनं कार्डावरची बेरीज केली आणि एकशे सव्वीस असा आकडा सांगितला. दिगंबरनं विचारलं, "वाळूचे दोन धरलेत ना?" टिलेट म्हणाला, "धरलेत."

सोमवारी नऊ वाजता दिगंबर डॉक्टरकडे एका मोठ्या पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसला. आतल्या गोलात मधूनच बारीक दिवा लागायचा, आणि दिसला की हातातलं बटण दाबायचं. शैलाला मागच्या स्टुलावरून त्या गोलाचा बराचसा भाग दिसत होता. दिवे लागत होते आणि बटण दाबलं जात नव्हतं. कडेचा दिवा, त्याच्या आतला दिवा, त्याच्याही आतला. इथं सांगून भागण्यासारखं नव्हतं. ती मांडीवर हात घट्ट धरून बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलल्या. काचबिंदूच होता. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते दिवसातून दोनदा थेंब घालून राखता येईल, बहुतेक बरीच वर्षं. गाडी आजपासून बंद. कागदावर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "वर्षभर आधी आला असतात, तर यापेक्षा खूप जास्त वाचलं असतं."

पार्किंगमध्ये शैला गाडीत बसली, पण तिनं किल्ली फिरवली नाही. "मला वर्षापूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटेल म्हणून बोलले नाही. ते वर्ष माझ्यामुळे गेलं."

दिगंबर समोरच्या काचेतून बघत होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू भर दिवसा जिन्यातले दिवे लावून ठेवायला लागलीस. तेव्हाच समजलो, हिला कळलंय. आणि बरं वाटलं, की ही बोलत नाहीये."

ती रडायला लागली. मग त्यानं चाचपत तिचा हात शोधला, या वेळी काहीही न झाकता, आणि म्हणाला, "शनिवारी सातला निघू. श्रीरंगला सांग, आता त्यानं नुसतं खेळायचं. आणि तू एक कर. मी कुठं चुकतोय ते दिसलं, की दिसल्या क्षणी बोलायचं. माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचं नाही."

"बोलेन," शैला म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं गाडी चालू केली.